कॉन्टेसाचं खरं इंजिन कुठलं?

ज्यांनी हा भाग आधी ऐकलाय त्यांना मागून येणारी ठोकाठोकी आठवत असेल. तो आवाज आमच्या मामाच्या शेडमधला, मुक्काम गडहिंग्लज. लिहिताना तो काढता आला, बाकी मजकूर बोललो तसाच ठेवलाय. दोन-तीन ठिकाणी आकडे चुकले होते, ते दुरुस्त केलेत.

तर विषय असा. मामाकडं एक हिंदुस्तान कॉन्टेसा आहे, १९८५ची. गेल्या वर्षी तिचं इंजिनकाम काढलं. काढताना प्रश्न पडला की नेमकं कुठलं इंजिन दुरुस्त करायचं. कारण तिच्या आरसी बुकात दोन इंजिनं आहेत. एका ओळीत इंधन 'पेट्रोल' लिहिलंय, त्यावर आडवी रेघ, शेजारी निळ्या शाईत 'डिझेल', नवा इंजिन नंबर, कोल्हापूर आरटीओचा शिक्का आणि १९९६ची तारीख. माझ्या दृष्टीनं त्या रेघेत आपल्याकडच्या गाड्यांचा निम्मा इतिहास आलाय. म्हणून हा भाग.

आधी कॉन्टेसा म्हणजे काय ते सांगतो, कारण आमच्या वयाच्या पुष्कळांनी ती फक्त जुन्या हिंदी सिनेमात व्हिलनच्या बंगल्यासमोर बघितली आहे. ही गाडी मूळची इंग्लंडची. व्हॉक्सहॉल कंपनीची व्हिक्टर, १९७२ साली आलेली शेवटची पिढी. तिकडं ती बंद पडली, तिचे साचे हिंदुस्तान मोटर्सनं घेतले आणि १९८४च्या आसपास बंगालमधल्या उत्तरपाड्याला गाडी बनायला लागली. लांब बॉनेट, रुंद बूड, मागच्या चाकांना ताकद. दिसायला एकदम झकास. आता बॉनेट उघडा. आत काय? अँबॅसडरचं १४८९ सीसीचं इंजिन. पन्नासेक हॉर्सपॉवर. म्हणजे पैलवानाच्या अंगात शाळकरी पोराचं काळीज. मामा म्हणतो, "चढाला लागली की बैलगाडीवाला हात करून पुढं जायचा."

पण त्या इंजिनाला नावं ठेवण्याआधी थांबा. ते ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी-सिरीज इंजिन. बोअर ७३ मिलिमीटर, स्ट्रोक ८८.९. हेच १४८९ सीसीचं इंजिन दोन कार्ब्युरेटर लावून १९५५ साली एमजीए नावाच्या स्पोर्ट्स कारमध्ये आलं होतं आणि तिथं त्याची ताकद सत्तर हॉर्सपॉवरच्या घरात होती. म्हणजे आपल्या सरकारी पांढऱ्या अँबॅसडरमध्ये तहसीलदारसाहेब ज्या इंजिनावर फिरले, त्याचा सख्खा भाऊ इंग्लंडात शर्यती पळत होता. बाकी सगळा फरक कार्ब्युरेटर, कॅम, कॉम्प्रेशन आणि गाडीच्या वजनाचा.

हे एकदा लक्षात आलं की गाडीकडं बघायची नजर बदलते. गाडी म्हणजे एकसंध वस्तू नाही. बॉडी एका घराण्याची, इंजिन दुसऱ्या, गिअरबॉक्स तिसऱ्या. लग्नं लागतात, मोडतात, पुन्हा लागतात. आणि हे फक्त आपल्याकडच्या जुगाडाचं नाही हं, जगातल्या नावाजलेल्या स्पोर्ट्स कारसुद्धा अशाच जन्मल्यात.

एसी एस ही इंग्लिश कंपनीची छोटी, देखणी, उघडी गाडी. तिच्यात ब्रिस्टल कंपनीचं सहा सिलिंडरचं इंजिन यायचं, ते बंद पडायला आलं. अमेरिकेतला शर्यतपटू कॅरल शेल्बी यानं १९६१ साली एसी कंपनीला लिहिलं की मला तुमची गाडी द्या, मी तिच्यात अमेरिकन व्ही-एट घालतो. फोर्डकडं तेव्हा नवं, हलकं २६० घनइंचाचं व्ही-एट तयार होत होतं. १९६२च्या सुरुवातीला लॉस एंजेलिसमधल्या एका गॅरेजात ते एसीच्या चेसिसमध्ये बसलं आणि कोब्रा तयार झाली. आज तिची किंमत ऐकली तर आमच्या अख्ख्या गल्लीची घरं त्यात बसतील.

दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं. जनरल मोटर्सनं १९६१ साली ब्युइक गाडीसाठी सगळं अॅल्युमिनियमचं साडेतीन लिटरचं व्ही-एट काढलं. कास्टिंग महाग पडायला लागलं म्हणून १९६३ला बंद केलं. पुढच्या वर्षी रोव्हर कंपनीचे विल्यम मार्टिन-हर्स्ट अमेरिकेत बोटींची इंजिनं करणाऱ्या मर्क्युरी मरीनच्या कारखान्यात गेले होते. तिथं कोपऱ्यात हे इंजिन दिसलं. त्यांनी मोजमाप घेतलं आणि हे आपल्या गाडीत बसतं असं म्हणून थेट त्याचे हक्क मिळवले. अमेरिकेनं टाकून दिलेलं ते इंजिन पुढं रोव्हरच्या मोठ्या गाड्यांत, १९७० साली रेंज रोव्हरमध्ये आणि १९७६ साली रोव्हर एसडी-वनमध्ये आलं. मधल्या काळात केन कॉस्टेलो नावाच्या एका इंग्लिश मेकॅनिक-शर्यतपटूनं ते एमजीबी या स्पोर्ट्स कारमध्ये बसवून विकायला सुरुवात केली. एमजीबीचं मूळ इंजिन कुठलं? तर आपल्या अँबॅसडरचंच घराणं, बी-सिरीज, फक्त १७९८ सीसीचं. गंमत अशी की चार सिलिंडरचं ते ओतीव लोखंडी इंजिन आणि आठ सिलिंडरचं हे अॅल्युमिनियमचं, दोघांचं वजन जवळपास सारखंच. त्यामुळं गाडीचा तोल बिघडला नाही. कंपनीनं हे बघितलं आणि १९७३ साली स्वतःच एमजीबी जीटी व्ही-एट काढली. १९७६पर्यंत २५९१ गाड्या झाल्या.

आता ही गोष्ट भारतात येते तेव्हा उलटी फिरते. मद्रासच्या स्टँडर्ड मोटरनं १९८५ साली त्याच रोव्हर एसडी-वनची बॉडी आणून 'स्टँडर्ड २०००' काढली. व्ही-एट? छे. आत घातलं १९९१ सीसीचं जुनं इंजिन, ज्याचं मूळ दुसऱ्या महायुद्धानंतरच्या स्टँडर्ड व्हॅनगार्ड गाडीत. या घराण्याचं इंजिन फर्ग्युसनच्या ट्रॅक्टरमध्ये होतं आणि १९५३ साली ट्रायम्फ टीआर-टू या स्पोर्ट्स कारमध्येही होतं. म्हणजे एकाच इंजिनानं नांगरटही केली आणि शर्यतीही पळवल्या. पण तीस वर्षांनी त्याला त्या जड, आलिशान बॉडीत कोंबलं तेव्हा गाडी चालेना आणि पेट्रोलही पीत राहिली. तीन-चार वर्षांत सगळं बंद. चुकीच्या लग्नाचं इतकं नमुनेदार उदाहरण दुसरं नसेल.

मुंबईच्या प्रीमियरनं मात्र त्याच वर्षी, १९८५ला, शहाणपणा केला. फियाट १२४ची बॉडी घेतली आणि निसानचं ११७१ सीसीचं इंजिन घातलं. तीच ११८ एनई. नावातलं 'एनई' म्हणजे निसान इंजिन. इंजिनबदल ही लपवायची नाही तर मिरवायची गोष्ट झाली होती! परवाना राज्यात परदेशी गाडी अख्खी आणायची सोय नव्हती, मग जिथून जे मिळेल ते आणून जुळवायचं. हिंदुस्तान मोटर्सनंही तेच केलं. जपानच्या इसुझूशी करार केला, इंदूरजवळ पिथमपूरला इंजिन-गिअरबॉक्सचा कारखाना टाकला आणि ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात कॉन्टेसाला १८१७ सीसीचं इसुझू पेट्रोल इंजिन आणि पाच गिअर मिळाले. ताकद पन्नासावरून एकदम ८८ हॉर्सपॉवरवर. ही 'कॉन्टेसा क्लासिक'. आज इंटरनेटवर पोरं जिला भारताची मसल कार म्हणतात ती ही. पुढं तेच इंजिन अँबॅसडरमध्येही आलं. आणि पुढं, २००० नंतर, अलिबागजवळच्या चिंकारा मोटर्सनं हाती बांधलेली एक छोटी उघडी रोडस्टर काढली. रूप १९५७ सालच्या लोटस सेव्हनचं, बॉडी फायबरची आणि इंजिन हेच, अँबॅसडर-कॉन्टेसामधलं १८१७ सीसी. हलक्या अंगात पडलं तेव्हा त्या इंजिनाची खरी चव कळली म्हणतात. एमजीएचं इंजिन अँबॅसडरमध्ये आलं होतं, आता अँबॅसडरचं इंजिन स्पोर्ट्स कारमध्ये गेलं. फेरा पूर्ण.

मामाची गाडी १.५ पेट्रोलची, जुनी. १९९२ साली त्यानं ती सेकंडहँड घेतली. मामाचा धंदा मिरचीचा. गडहिंग्लजचा मिरचीचा बाजार आणि शेजारचं संकेश्वर, ही नावं मसाल्याच्या घरात सगळ्यांना माहीत. पण माल बघायला आठवड्याला खाली कर्नाटकात, ब्याडगीपर्यंत जावं लागायचं. कॉन्टेसाची डिकी एवढी मोठी की नमुन्याची पोती सहज मावायची. अजूनही मागच्या सीटला नाक लावलं तर शिंक येते. अडचण एकच, पेट्रोल. ब्याडगीची एक फेरी म्हणजे जाऊन-येऊन चारशे किलोमीटरहून जास्त, आणि ही बाई लिटरला नऊच्या पुढं जायला तयार नाही.

इथं जरा मोठा इतिहास आडवा येतो. १९७३च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं, काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव जवळपास चौपट झाला. आपल्याकडं पेट्रोल म्हणजे श्रीमंतांचं आणि डिझेल म्हणजे एसटीचं, ट्रकचं, शेतकऱ्याचं, असं धोरण ठरलं आणि दोन्हींच्या भावात मोठी दरी पडली. ती दरी थेट २०१४ पर्यंत टिकली. पेट्रोलचे भाव २०१०च्या जूनमध्ये मोकळे केले, डिझेलचे २०१४च्या ऑक्टोबरमध्ये. म्हणजे साधारण चाळीस वर्षं या देशात पेट्रोल गाडीत डिझेल इंजिन घालणं हा शौक नव्हता, हिशोब होता.

हा हिशोब कंपन्यांनीही केला. महिंद्राची जीप मूळची विलीजच्या पेट्रोल इंजिनाची. सत्तरच्या दशकात तिच्यात इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल आलं, मग फ्रान्सच्या प्यूजोचं, ज्यासाठी इगतपुरीला कारखाना निघाला. आपल्याकडची वडापची ट्रॅक्स घ्या. आजऱ्याच्या घाटात चौदा माणसं आणि दोन बकरी घेऊन जाणाऱ्या त्या गाडीचं इंजिन मर्सिडीजच्या कारमधलं २.४ लिटरचं डिझेल, बजाज टेम्पोनं परवाना घेऊन आकुर्डीला बनवलेलं. वडापमधून उतरताना "मर्सिडीजमधनं आलो" असं म्हणायला हरकत नव्हती. आणि ज्यांना नवी गाडी परवडत नव्हती त्यांनी गावातल्या मिस्त्रीकडं धाव घेतली.

गावात मिस्त्री होता, हा मुद्दा सोपा नाही. सगळ्या जिल्ह्यांत असा मिस्त्री मिळत नाही. कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यात लोखंड ओतणारे, लेथ चालवणारे हात कित्येक दशकं तयार होत होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सुरुवात बेळगावात केली, १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. कोल्हापुरात बाबुराव पेंटरांनी बाहेरून आणलेला कॅमेरा समजून घेऊन स्वतःचा कॅमेरा तयार केला आणि १९२० साली 'सैरंध्री' काढला. त्याच गावात पुढं शिवाजी उद्यमनगर उभं राहिलं, तिथं ऑइल इंजिनांचे सुटे भाग ओतले गेले. उसाला पाणी पाजणारं इंजिन मध्यरात्री बंद पडलं तर सकाळपर्यंत चालू करून देणारा माणूस लागतोच. असा माणूस एकदा तयार झाला की त्याला गाडीच्या इंजिनाची भीती वाटत नाही. मी बीटेक झालो, मला थर्मोडायनॅमिक्सचे पेपर देऊनही इंजिनाची भीती वाटायची. आमचे मिस्त्री सातवी पास. ते कान लावून सांगतात, "तिसऱ्या शिलिंडरचं नोझल गळतंय."

१९९६ साली काय झालं ते मी मिस्त्रींकडूनच नीट समजून घेतलं, कारण मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. अपघातात चेपलेली एक डिझेल कॉन्टेसा बेळगावच्या भंगारात आली होती. कंपनीच्या डिझेल कॉन्टेसात इसुझूचं १९९५ सीसीचं फोर-एफसी-वन इंजिन यायचं. मामानं गिअरबॉक्ससकट अख्खं उचललं. यात मोठी अक्कल होती. कारण नुसतं इंजिन आणलं असतं तर जुन्या गिअरबॉक्सला जोडायला मधली प्लेट बनवावी लागते, आणि ती केसभर जरी तिरकी झाली तरी गिअरबॉक्सचा पुढचा बेअरिंग सहा महिन्यांत वाजायला लागतो.

लोकांना वाटतं इंजिन बदलणं म्हणजे चेन कप्पीनं जुनं वर, नवं खाली. खरं काम आजूबाजूला असतं. डिझेल इंजिन जड, म्हणून पुढच्या स्प्रिंगा बदलल्या. ते थरथरतं जास्त, म्हणून रबरी माउंटिंग वेगळी. डिझेल पंपातून उरलेलं तेल टाकीत परत जायला दुसरी नळी लागते, पेट्रोल गाडीला ती नव्हतीच, ती ओढली. बॅटरी मोठी. थंडीत चालू व्हायला ग्लो प्लग, त्याची वायरिंग. आणि सगळ्यात महत्त्वाचं ब्रेक. पेट्रोल इंजिन हवा ओढताना जी पोकळी तयार करतं तिच्या जोरावर ब्रेकचा बूस्टर चालतो. डिझेलला हवेची झडप नसते, म्हणून पोकळी नाही, म्हणून ब्रेक पेडल दगडासारखं. त्यासाठी अल्टरनेटरच्या मागं वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. मिस्त्री सांगत होते, त्या काळात कित्येकांनी हा पंप जोडलाच नाही आणि आंबोली घाट उतरताना देवाचं नाव घेतलं. मामानं भंगारवाल्याकडून तो पंप हट्टानं मागून आणला होता.

जुनं १४८९ सीसीचं इंजिन आजऱ्यातल्या एका अँबॅसडरमध्ये गेलं. तेव्हा त्याचं कुणालाच वाईट वाटलं नाही.

मग ही गाडी डिझेलवर पंचवीसहून जास्त वर्षं चालली. लिटरला पंधरा-सोळा. ब्याडगी, बेळगाव, कोल्हापूर, कधी गोवा. मामाचा धंदा त्या फरकावर उभा राहिला असं तो म्हणतो. माझ्या बीटेकच्या पहिल्या वर्षाची फी भरायला मामानं जे पैसे दिले ते कुठल्या गाडीच्या जिवावर आले होते, हे मला कुणी सांगितलं नाही. मला ते कळलं गेल्या वर्षी, शेडमध्ये, आमचं भांडण झालं तेव्हा.

भांडण असं. गाडी धूर मारायला लागली होती, हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल खायला लागली होती, पिकप गेलेला. इंजिनकाम तर काढायचंच होतं. मी म्हटलं, मामा, आता डिझेल नको. भाव जवळपास सारखेच झालेत. मला कोल्हापुरात एक १८१७ सीसीचं इसुझू पेट्रोल सापडलंय, पाच गिअरसकट. ते बसवू. गाडी पळेल तरी. शिवाय कंपनीनंच कॉन्टेसात ते दिलं होतं. मी तर आकडेसुद्धा काढले होते. दोन्ही इसुझू, दोन्हींचा बोअर ८४ मिलिमीटर, फरक फक्त स्ट्रोकचा, पेट्रोलचा ८२ आणि डिझेलचा ९०. जणू ते आपल्याच घरातलं आहे असं पटवायला.

माझ्या भावानं तिसरंच काढलं. तो म्हणाला, दोन्ही नको, १४८९चंच शोधा. कारण केंद्राचा २०२१चा नियम. पन्नास वर्षांहून जुनी खासगी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, वेगळी नंबरप्लेट मिळते, नोंदणीची फी वीस हजार. पण अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नको. आपली गाडी २०३५ साली पन्नासची होईल. तेव्हा मूळ घराण्याचं इंजिन असलं तर निदान बोलायला जागा राहील.

मामानं दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "इतकी वर्षं ज्या इंजानानं घर चालवलं ते भंगारात घालायचं, आणि कागदावर शोभून दिसायला दुसरं आणायचं? तुझी फी कुणी भरली रं?"

यावर काय बोलणार.

पण नंतर शांतपणे विचार केला तेव्हा मला वाटलं की मामाचं म्हणणं नुसतं भावनेचं नाही, इतिहासाच्या बाजूनंही तेच बरोबर आहे. ही गाडी मूळ रूपात सात वर्षं दुसऱ्याकडं होती आणि चार वर्षं मामाकडं. डिझेलवर त्याच्या दुपटीहून जास्त काळ. १९७३चा तेलाचा झटका, सरकारचं भावधोरण, बेळगावचं भंगार, उद्यमनगरचे लेथ, ब्याडगीचा मिरची बाजार, हे सगळं त्या डिझेल इंजिनात आहे. १४८९ परत घातलं की गाडी १९८५मध्ये कारखान्यातून बाहेर पडली तशी दिसेल, पण तिचं पुढचं आयुष्य पुसलं जाईल. म्युझियमसाठी 'मूळ' म्हणजे जन्मतारीख. आमच्यासारख्यांच्या गाड्यांना तो मापदंड लावला तर बहुतेक नापास होतील, आणि त्या नापास गाड्याच आपल्या रस्त्यांवर सगळ्यात जास्त पळाल्या. नियमामागचा हेतू मला कळतो. उद्या कुणीही नवं इंजिन घालून जुन्याचा शिक्का मागेल. तरी डोळ्यांसमोर झालेला, आरटीओनं शिक्का मारून मान्य केलेला बदल आणि कालचा चोरटा बदल एकाच तागडीत टाकणं मला पटत नाही.

आणि आज पुन्हा इंजिन बदलणं तितकं सरळ राहिलेलंही नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून फारकत घेणारे बदल चालत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९च्या निकालात स्पष्ट केलंय. इंजिन बदलायला आधी परवानगी हवी. शिवाय जुन्या पेट्रोल इंजिनाला आज दोन दुखणी आहेत. २०००च्या फेब्रुवारीपासून पेट्रोलमधलं शिसं गेलं. ते गेलं हे उत्तमच झालं, पण जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीट त्या शिशाच्या आधारानं टिकायच्या, आता कडक धातूच्या सीट बसवाव्या लागतात. आणि आता वीस टक्के इथेनॉल. जुने रबरी पाइप, कार्ब्युरेटरचे वॉशर त्यानं फुगतात, चिरतात. आमच्याच शिवारातला ऊस आमच्याच गाडीचे पाइप खाणार, हे मामाला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा त्या दिवशी हसला.

तर डिझेलच दुरुस्त करायचं ठरलं. हेड उतरवलं. लायनर मोजले तेव्हा वरच्या बाजूला, जिथं रिंग परत फिरते तिथं, बारा थाऊ झीज होती. मिस्त्रींनी नखानं कडा दाखवली, डायल गेजनं मी आकडा काढला, दोघांचं उत्तर एकच. लायनर काढून नवे घातले, पिस्टन-रिंग नवे, क्रँक दहा थाऊ ग्राइंड करून त्या मापाचे बेअरिंग. हेडला दोन व्हॉल्व्हच्या मधे बारीक तडा निघाला. हे या प्रकारच्या डिझेल हेडचं नेहमीचं दुखणं. एका दुकानात ते हेड "आज देतो, उद्या देतो" करत अडीच महिने पडून राहिलं. शेवटी दुसरीकडं प्रेशर टेस्ट करून घेतलं, तडा पाण्याच्या वाटेपर्यंत गेला नव्हता, हेड वाचलं. पंप आणि नोझल कोल्हापूरला कॅलिब्रेशनला.

जोडताना टायमिंग बेल्ट मी बसवला. हट्टानं. खुणा जुळवल्या, फोटो काढले, सगळं पुस्तकाप्रमाणं. गाडी चालू झाली आणि पांढरा धूर, ठकठक, ओढ नाही. मिस्त्रींनी दोन मिनिटं ऐकलं, बंद करायला लावलं, कव्हर काढलं. पंपाच्या पुलीवर मी एक दात चुकलो होतो. कॅमच्या पुलीवर चुकलो असतो तर पिस्टन व्हॉल्व्हला भिडले असते आणि चार महिन्यांचं काम चार सेकंदांत गेलं असतं. ते काही बोलले नाहीत. फक्त पाना माझ्या हातातून घेतला.

दुसऱ्यांदा चालू केली तेव्हा शेजारच्या शेडमधला माणूस बाहेर येऊन बघून गेला.

फेब्रुवारीत नोंदणीच्या नूतनीकरणाला गाडी नेली. इन्स्पेक्टरनं चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली, मग वाकून इंजिन नंबर वाचला आणि आरसी बुकातल्या निळ्या शाईच्या ओळीशी ताडून बघितला. जुळला. नंतर नवीन कार्ड हातात आलं. त्यावर इंधन: डिझेल. एवढंच. खोडलेलं 'पेट्रोल' त्यावर कुठं नाही, १९९६ नाही, पहिला नंबर नाही. कार्डावर फक्त आजची स्थिती असते. आम्ही कोड लिहिताना जुनी आवृत्ती कधी पुसत नाही, कुणी कधी काय बदललं ते शेवटपर्यंत दिसतं. गाडीच्या बाबतीत ते काम त्या जाडजूड, कडा फाटलेल्या पुस्तकानं केलं होतं.

पुस्तक जमा करायच्या आधी मी सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवले होते. रेघ मारलेल्या पानाचा फोटो या भागाच्या मुखपृष्ठावर टाकलाय, नंबर झाकून. मामा आता म्हणतो एक प्रिंट काढून ग्लव्ह बॉक्समध्ये ठेव, मिरचीच्या नमुन्याच्या पुड्या असतात तिथं.